सोळा व्होल्टचा आग्रह

१ जून ते ३१ जुलै महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते. माशांना निवांत अंडी घालता यावीत हा त्यामागचा हेतू, आणि तो चांगलाच आहे. मात्र तेवढ्या काळात होडीवाल्यांनी काय करावं, याचा विचार कुठल्या परिपत्रकात केलेला दिसत नाही. वर आभाळ फाटलेलं, होडी झापांनी शाकारून माडाखाली ओढलेली, जाळ्यांची डागडुजी उरकलेली आणि हातात मोकळा पाना. किनाऱ्यावरच्या जुन्या मशिनांचं जे काही भलंबुरं व्हायचं ते याच दिवसांत होतं. समुद्रात चालून जितकी मशिनं बिघडतात त्याहून जास्त 'वायच उघडून बघूया' या तीन शब्दांनी बिघडतात, असं माझं स्पष्ट मत आहे.

देवबाग म्हणजे एका अंगाला अरबी समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्लीची खाडी आणि मध्ये वाळूची एक चिंचोळी पट्टी. या पट्टीवर आमच्या मेहुण्यांचं घर, घरामागे खाडी, खाडीत होडी आणि होडीच्या शेपटाला ते मशीन. सरकारी कागदात त्याला 'ओबीएम', म्हणजे आउटबोर्ड मोटर, म्हणतात. गावात नुसतं 'मशीन' म्हणतात, कारण ज्याला कौतुकाने मशीन म्हणावं असं घरात दुसरं काही नसतं. मिक्सरला मिक्सरच म्हणतात.

मेहुण्यांचं मशीन अमेरिकन. २५ हॉर्सपॉवर, दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक, गोव्यातून सेकंडहँड आणलेलं. म्हणजे मेहुण्यांच्या हिशेबाने सेकंडहँड. मशिनाला विचारलं असतं तर त्याने किती हात मोजले असते सांगता येत नाही. ते ऐंशीच्या दशकातलं असावं असा जाणकारांचा अंदाज आहे. नक्की साल त्याच्या पट्टीवर कोरलेलं आहे, पण दर पावसाळ्यात प्रत्येक मालकाने मोठ्या मायेने त्या पट्टीवरूनही रंग फिरवल्यामुळे ते आता फक्त बोटांनी चाचपता येतं.

या मशिनाचा मोठेपणा म्हणजे त्याला 'सेल्फ' आहे. बटण दाबलं की सुरू. इथल्या बहुतेक लहान मशिनांना बॅटरी नसतेच. डोक्यावर दोरी, दोरीला मूठ, मुठीला माणूस. ओढली की चालू. नाही झालं तर पुन्हा ओढायची, आणि तरीही नाही झालं तर मशिनाच्या आईचा उद्धार करून ओढायची. या तिसऱ्या प्रकाराने हमखास चालू होतं. त्यामुळे मेहुण्यांनी पहिल्यांदा बटण दाबून मशीन सुरू केलं तेव्हा धक्क्यावर बसलेल्या एका वृद्ध तांडेलांनी विडी बाजूला करून एवढंच विचारलं होतं, "हात मोडले काय रे तुजे?"

पण त्या सेल्फसाठी बॅटरी आली. बॅटरी आहेच तर एक दिवा आला. दिव्यानंतर मासे दाखवणारा फिश फाइंडर आला, मग जीपीएस आलं. थंडीत पर्यटक डॉल्फिन बघायला येऊ लागले, तेव्हा त्यांच्यासाठी गाण्यांचा संच आला आणि मोबाइल चार्ज करायची सोय आली. पर्यटकाला डॉल्फिन दिसला नाही तरी तो एक वेळ समजून घेतो, मोबाइल बंद पडलेला असताना डॉल्फिन दिसला तर मात्र पैसे परत मागतो. थोडक्यात, माणसाच्या हाताला विश्रांती म्हणून आलेली बॅटरी वर्षभरात अख्ख्या होडीचा संसार ओढायला लागली. तिला कोण काय खायला घालतं, ही चौकशी कुणी केली नव्हती.

खायला घालणारं मशीनच असतं. त्याच्या डोक्यावरच्या टोपणाखाली एक जड चक्र गरगरत असतं. त्याला फ्लायव्हील म्हणतात. त्याच्या आतल्या कडेला चुंबक बसवलेले असतात आणि खाली तांब्याच्या तारेच्या कॉइली स्थिर बसलेल्या असतात. चुंबक फिरतात, कॉइलीत वीज उपजते. हे मायकेल फॅरेडे यांनी १८३१ मध्ये शोधून काढलं आणि त्यात आजतागायत कुणाला फारशी सुधारणा करता आलेली नाही. ती वीज उलटसुलट वाहणारी असते. बॅटरीला एकाच दिशेने वाहणारी लागते, म्हणून मध्ये रेक्टिफायर नावाची डबी असते. तिच्यात चार डायोड. डायोडचं काम एवढंच, की आत आलेल्याला परत जाऊ द्यायचं नाही. बस. संपला कारखाना. या डबीतून निघालेली लाल वायर सरळ बॅटरीला जाऊन भिडते.

सरळ म्हणजे अगदी सरळ. मोटारगाडीच्या अल्टरनेटरमध्ये चुंबकपण विजेनेच आणलेलं असतं. बॅटरी भरत आली की ते कमी करता येतं. इथे चुंबक कायमचे. फिरलं की वीज होणारच, आणि जोरात फिरलं की जास्त होणार. बॅटरीला भूक आहे की नाही, हा प्रश्न त्या मशिनाच्या जन्मकाळी कुणी विचारलेलाच नव्हता. गावच्या मेस्त्रींनी एका वाक्यात निदान केलं, "ह्येका पुरो म्हणान सांगूक कोण नाय."

कोकणातल्या घरी जेवायला गेलेल्या कोणालाही हे मशीन लगेच कळेल. पंगतीत वाढणारे आजोबा असतात. पानात भात आहे का, पाहुणा पोटावर हात फिरवतोय का, त्याचे डोळे पांढरे झालेत का, याच्याशी त्यांना कर्तव्य नसतं. त्यांचा वाढण्याचा वेग ते स्वतः किती वेगाने चालताहेत यावर ठरतो. हे मशीन म्हणजे ते आजोबा. खाडीतून हळूहळू जाताना चमचाभर वाढतं; पर्यटक उतरवून रिकामी होडी सुसाट निघाली, की पातेलंच पालथं करतं.

आता शिशाची बॅटरी हा पाहुणा तसा जुना आणि सोशीक. गॅस्तों प्लांते या फ्रेंच गृहस्थांनी ती १८५९ मध्ये केली. बारा व्होल्टची म्हणतात, पण पोट भरलं की निवांत असताना १२.६ च्या आसपास दाखवते. भरताना तिला साधारण १४.४ पर्यंतचं जेवण मानवतं. त्यापुढे गेलं की आतल्या पाण्याचे हायड्रोजन आणि ऑक्सिजन होऊन बुडबुडे उठतात. जुन्या बुचांच्या बॅटरीला याचं काही वाटत नसे. ती आतल्या आत खदखदे, जास्तीचं जेवण बुडबुड्यांवाटे सोडून देई आणि तिच्या सहा भोकांतलं पाणी कमी होई. मेहुणे दर पंधरवड्याला बूच उघडून 'बॅटरीचं पाणी' ओतत आणि "हंयच्या उन्हात बॅटरी पाणी लय पिता" असं म्हणत. वर्षानुवर्षं सगळ्यांनी मान डोलावली. खरी गोष्ट अशी, की त्या चार्जिंगला व्होल्टेज रेग्युलेटर होता आणि तो म्हणजे खुद्द मेहुणे, हातात डिस्टिल्ड वॉटरची बाटली घेऊन.

हा रेग्युलेटर बंद पडला तो प्रगतीमुळे. जुनी बॅटरी थकली म्हणून मेहुण्यांनी नवी घेतली, ती सीलबंद, 'मेंटेनन्स फ्री'. दुकानदाराने अभिमानाने सांगितलं, "आता पाणी घालायची कटकटच नाही." पाणी घालायची कटकट नाही म्हणजे पाणी घालायची सोयही नाही, हा त्या वाक्याचा दुसरा अर्धा भाग दुकानात कुणी सांगत नाही. नवी बॅटरी सुखवस्तू घरातली होती. आजोबांचा आग्रह तिला मानवला नाही. एक मोसम तिने कसाबसा काढला, आणि मे महिन्याच्या शेवटी होडी वर घेताना बघतात तर बॅटरीच्या दोन्ही कुशी फुगलेल्या. मेहुण्यांनी फोनवर मला सांगितलं, "भावजी, बॅटरी फुगली." आवाज असा, की मी आधी घरातली माणसं मोजली.

जूनमध्ये मी तिथे पोचलो तेव्हा अंगणात, पन्हळीच्या धारेखाली, एक मोठं पिंप काठोकाठ भरलेलं होतं आणि त्याच्या काठाला मशीन लटकवलेलं होतं. आऊटबोर्ड मशीन कोरडं चालवायचं नसतं. ते थंड होतं ते ज्या पाण्यात बुडालंय तेच पाणी ओढून. पाणी नसलं की ओढणाऱ्या पंपाचं रबरी चाक बघता बघता जळून जातं. म्हणून पावसाळ्यात मशिनांची परीक्षा पिंपात होते. बाहेर मुसळधार पाऊस, समोर खाडी, मागे समुद्र, आणि मध्ये दोनशे लिटरच्या पिंपात पाणी घुसळत बसलेलं पंचवीस घोड्यांचं मशीन. पाण्याने इतकं वेढलेल्या गावात पाण्याची एवढी टंचाई मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

भोवती समिती जमली होती. कोकणात मशीन उघडल्याचा वास माशांच्या वासाहून लांब जातो. बॅटरी या विषयावर तर महाराष्ट्रात अडाणी माणूस सापडायचा नाही. भारनियमनाच्या वर्षांनी घराघरात इन्व्हर्टर आणला आणि प्रत्येक कुटुंबप्रमुखाला परस्पर विद्युत अभियंता केलं. एका गृहस्थांनी ठामपणे सुचवलं की इन्व्हर्टरची ट्यूब्युलर बॅटरी बसवा, दीडशे एएचची, दहा वर्षं बघायला नको. ते बरोबर होतं. ती पन्नास-साठ किलोची बॅटरी होडीच्या मागच्या टोकाला ठेवली, की दहा वर्षं होडीच दिसायला नको. दुसऱ्यांनी ट्रॅक्टरची सुचवली. तिसऱ्यांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि मूळ मुद्द्याला हात घातला, "पण दोरीन काय वाईट होता?"

खरं तर त्या दुपारी अंगणात एकच शहाणं वाक्य उच्चारलं गेलं, आणि ते वहिनींनी चहा देता देता उच्चारलं. "संध्याकाळी बॅटरी घराक हाडून रात्रभर चार्जिंगाक लावलात, तर चलाचा नाय?"

शांतता पसरली. यात चुकीचं काहीच नव्हतं. होडी घरामागेच लागते. भिंतीवरच्या चार्जरला कळतं की बॅटरी भरली. खर्च जवळपास शून्य. मशिनाची लाल वायर काढून टोक नीट बांधून ठेवली की फुगणंही संपलं. पण या तोडग्यात उघडण्यासारखं काही नव्हतं. पाना कुठे लावायचा, हा प्रश्न उरत होता. समितीने कप खाली ठेवले, वहिनींकडे कौतुकाने पाहिलं आणि चर्चा जिथे थांबली होती तिथून पुढे चालू केली.

मग ट्रकवर आयुष्य काढलेले एक काका पुढे सरसावले. त्यांच्या मते आधी मशीन चार्जिंग देतंय की नाही हेच बघायला हवं होतं. त्याची त्यांच्याकडे रामबाण परीक्षा होती, आणि ती आपल्याकडच्या प्रत्येक हमरस्त्यावर आजही चालते. इंजिन चालू असताना बॅटरीचं टर्मिनल काढायचं. इंजिन चालू राहिलं तर डायनामो ठीक. "डायनामो देता काय नाय ता आताच्या आता कळतला," असं म्हणून त्यांनी, मेस्त्री "वायच थांबा" म्हणेपर्यंत, टर्मिनल उचललं सुद्धा.

कळलं. आताच्या आता कळलं. आजोबांनी वाढायला डाव उचललेला आणि समोरचं पानच कुणीतरी ओढून घेतलं, तर जे होईल ते झालं. बॅटरी कितीही फुगलेली असली तरी व्होल्टेजला खाली धरून ठेवणारी तीच एक असते. ती निघाली की एरवी सोळा-सतरा व्होल्टवर थांबणारं तेच मशीन भान सोडून कितीतरी वर उसळतं आणि वाटेत जे जोडलेलं असेल त्याच्या अंगावर जातं. जोडलेला होता गाण्यांचा संच, तोही मेहुण्यांना चाचणीत करमणूक हवी म्हणून. त्यातून एक सूर निघाला, मूळ गाण्यात नसलेला. मग थोडा धूर. मशीन मात्र चालूच राहिलं, कारण त्याच्या ठिणगीची कॉइल वेगळी असते, बॅटरीशी तिचं देणंघेणं नसतं. काकांनी विजयाने सगळ्यांकडे पाहिलं. "बगलात? डायनामो बेस आसा."

मीटर लावल्यावर समजलं की रेक्टिफायर गेला. डायोड तपासायची रीत सोपी आहे. मीटरची दोन टोकं लावायची, मग उलटी करून लावायची. एका बाजूने वाट दिसली पाहिजे, दुसऱ्या बाजूने नाही. यातल्या दोघांना दोन्ही बाजूंनी वाट दिसत होती. पण या अपघाताने समितीचा एक मोठा पेच सोडवला. आता 'काही करायचं की नाही' हा प्रश्नच उरला नाही. काही तरी विकत घ्यावं लागणारच होतं. मेहुण्यांच्या चेहऱ्यावर दुःख होतं, पण त्या दुःखाखाली कुठेतरी खरेदीचा आनंद उमलताना मला स्पष्ट दिसला.

मूळ कंपनीच्या रेग्युलेटरची किंमत विचारायला मुंबईला फोन लावला. आकडा ऐकून मेहुण्यांनी फोन कानापासून लांब धरला, म्हणजे तो थोडा कमी ऐकू येईल. मग मेस्त्रींनी खिशातून एक लहान पंख असलेली ॲल्युमिनियमची डबी काढली. मोटरसायकलचं 'आर.आर. युनिट'. रेग्युलेटर आणि रेक्टिफायर एकातच. जुन्या शंभर सीसीच्या गाडीचं, अगदी स्वस्तात कुठल्याही नाक्यावर मिळणारं. या देशात असं एकही यंत्र नाही ज्यात मोटरसायकलचा एखादा अवयव बसवून पाहिलेला नाही, आणि बरेचदा तो बसतो, हे जास्त आश्चर्याचं आहे.

इथे भाचा मध्ये पडला. तो डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. इतका वेळ तो मोबाइलमध्ये डोकं घालून बसला होता आणि सगळ्यांना वाटत होतं की तो काही बघत नाही. "मेस्त्री, या डबीला कॉइलचं एक टोक बॉडीला जोडलेलं लागतं," तो म्हणाला. "आपल्या कॉइलची दोन्ही टोकं मोकळी आहेत. दोन पिवळ्या वायरी. कुठलीच बॉडीला नाही. एक टोक बॉडीला बांधलं, तर ही अर्धीच वीज पकडेल."

मेस्त्रींनी डबीकडे पाहिलं, भाच्याकडे पाहिलं, मग डबी पुन्हा खिशात घातली. ज्याच्या बारशाला जेवलो त्याने अंगणात चारचौघांत बरोबर बोलावं, हे सहन करायला मोठं मन लागतं. मेस्त्रींचं मन मोठं आहे. ते म्हणाले, "ता माका म्हायत होता. तुका म्हायत आसा काय, ता बघी होतंय."

त्यानंतरची संध्याकाळ शिक्षणाची होती. भाच्याने वहीच्या मागच्या पानावर आकृत्या काढून सांगितलं की रेग्युलेटर दोन जातींचे. एक शंट. तो बॅटरी भरली की कॉइलीची दोन्ही टोकं एकमेकांत जोडून टाकतो, म्हणजे वीज आतल्या आत फिरून उष्णता होऊन जाते. दुसरा सीरिज. तो वाटच तोडतो. वहीतलं समितीला फारसं झेपलं नाही, तेव्हा मेस्त्रींनी भाषांतर केलं. शंट म्हणजे आजोबा वाढतच राहणार आणि पाहुणा हळूच मागच्या कुत्र्याला घालत राहणार; डबी तापते ती कुत्रा सुस्तावतो म्हणून. सीरिज म्हणजे पाहुण्याने पानावर आडवा हात धरला. आजोबांचा डाव हवेत. कॉइल थंड, डबी थंड, बॅटरी सुखी. ठराव एकमताने सीरिजच्या बाजूने झाला. पानावर आडवा हात धरून आजवर कुणाची सुटका झालेली नाही, हे मी बोललो नाही.

कुरिअर यायला वेळ लागला. पावसाळ्यात देवबागला कुरिअर येतं ते आपल्या मनाने येतं. मधल्या काळात वायरिंगची पाहणी झाली, आणि खरा इतिहास तिथे सापडला. खाऱ्या हवेत साधी तांब्याची वायर आतून काळी पडत जाते. बाहेरचं प्लास्टिक टवटवीत, आत कोळसा. कुणी एकाने फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळली होती. कुणी जोडावर मेणबत्ती ओतली होती. एका जागी चिकटपट्टीखाली चिकटपट्टी आणि तिच्याखाली आणखी एक निघाली. सगळ्यात आतली कापडी होती आणि तिला गोव्याचा वास होता. मेस्त्री एकेक थर सोडवत मागच्या मालकांना नावं ठेवत होते. दोन थर खाली गेल्यावर स्वतःचंच काम निघालं तेव्हा ते म्हणाले, "ह्या मात्र बरा केलेला आसा."

कल्हई केलेली जाड वायर आणली. बॅटरीजवळ लाल वायरीवर खरा फ्यूज आला. टर्मिनलांना व्हॅसलीन फासलं. लाल-काळं उलटं लागलं की नवी डबी क्षणात जाते, म्हणून भाच्याने लाल टर्मिनलवर तेलरंगाने अधिकचं चिन्ह काढलं. वहिनींनी येता-जाता त्यावर एक ठिपका हळदीचा लावला. सगळ्या सुरक्षा उपायांत मेहुण्यांचा खरा भरवसा कशावर होता, ते मी सांगायला नको.

पिंपातली चाचणी छान झाली, पण तिच्यावर कुणाचा विश्वास नव्हता. पिंपात मशीन पूर्ण वेगाने चालवता येत नाही. पाणी माणसांच्या अंगावर आणि पिंप शेजारच्या आवारात जातं. मंद वेगावर तर हे मशीन एरवीही संतच असतं. आजोबांचा खरा स्वभाव कळायला पंगत मोठी लागते.

म्हणून नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देऊन झाल्यावर होडी खाडीत उतरवली. पुढे मेहुणे, मध्ये मीटर धरलेला भाचा, मागे सुकाणूवर मेस्त्री, आणि तोल सांभाळायला म्हणून मी. बॅटरीही नवी होती आणि सीलबंदच होती, कारण तीच घेऊन दाखवायची आता जिद्द होती. मंद वेगाला १२.९. मधल्या वेगाला १३.८. भाचा आकडे ओरडून सांगत होता आणि काठावरची मंडळी ते पुढे पाठवत होती. मेस्त्रींनी मूठ पूर्ण पिळली. होडीचं नाक वर आलं, किनाऱ्यावरचे माड मागे पळू लागले. १४.१. १४.३. १४.४. आणि काटा, म्हणजे आकडा, तिथेच थांबला. खाडीच्या तोंडापर्यंत गेलो, तरी १४.४. चाळीसेक वर्षं वाढत सुटलेल्या हाताला कुणीतरी पहिल्यांदा 'पुरो' म्हटलं होतं आणि त्याने ऐकलं होतं. मेहुण्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. खाडीचंही असेल.

आउटबोर्डचा सगळा इतिहासच असा हट्टाचा आहे. विस्कॉन्सिनमधल्या एका तळ्यावर ओले एव्हिनरूड नावाचा तरुण आपल्या प्रेयसीसाठी वल्ही मारत आइस्क्रीम आणायला गेला, आणि परत येईपर्यंत ते वितळलं, अशी गोष्ट सांगतात. तो चिडला आणि १९०९ पासून होडीला मागे लटकवायची मोटार विकू लागला. वहिनींसारखं कुणी तिथे असतं तर म्हणालं असतं, की आइस्क्रीम तिकडेच खाऊन या. मग जग अजून वल्हीच मारत असतं.

परत येताना मेहुण्यांच्या लक्षात आलं की होडी सुसाट चालली आहे आणि मशिनाचे फेरे दाखवणारा काटा शून्यावर आहे. मध्येच उसळी मारायचा, हजारावर जायचा, पुन्हा शून्य. भाच्याने कपाळावर हात मारला. फेऱ्यांचा काटा फेरे मोजत नाही. कॉइलीतून येणाऱ्या विजेचे ठोके मोजतो. बॅटरी भरली, नव्या डबीने वाट तोडली, ठोके थांबले. मशीन आहे, वेग आहे, पण काट्याच्या मते होडी उभी आहे.

"म्हणजे ह्या चालता, पण आमका दिसणा नाय," मेहुणे म्हणाले.

"काट्याला दुसरीकडून सिग्नल द्यावा लागेल," भाचा म्हणाला. "ठिणगीच्या कॉइलवरून घेता येईल. किंवा मग आपण बॅटरीच लिथियमची घेऊ. निम्म्याहून कमी वजन, आणि ती जवळजवळ शेवटपर्यंत भरभरून घेते, म्हणजे ठोके चालू राहतील."

"ती किती घेता?" मेस्त्रींनी विचारलं.

"मिळेल तेवढं. उलट एवढं घेते की ही जुनी कॉइलच तापून जळायची. मग तिच्या जागी जास्त अँपिअरची कॉइल. आणि लिथियमच्या पोटात एक सर्किट असतं, ते भरल्यावर एकदम वाट तोडतं, म्हणजे ट्रकवाल्या काकांनी टर्मिनल उचललं होतं तसंच. म्हणून मध्ये आणखी एक डबी लागेल."

होडी धक्क्याला लागली. वहिनी कोरडे टॉवेल घेऊन उभ्या होत्या. मेहुण्यांनी दोरी फेकली, मेस्त्रींनी मशीन बंद केलं आणि पान्यांची पेटी न उचलता, तिथेच फळीवर बसून, उघडली.

"वायच बगूया," ते म्हणाले.